हाताने शिवलेल्या गोधडीचे पैसे किती घ्यावेत?

सुतीसाडी

मी गोधड्या शिवते. आधी घरातल्यांसाठी, मग नात्यातल्या बाळंतविड्यांसाठी, आणि आता ओळखीओळखीतून ऑर्डरी येतात. मशीन अजिबात नाही, सगळं हाताने, धावदोरा. आणि दर वेळी गाडी एकाच जागी अडते. साड्या घेऊन येतात, माप ठरतं, रंग ठरतात, आणि रक्कम सांगितली की "अहो पण साड्या तर आमच्याच आहेत, मग एवढे पैसे कसले?" कुणी खवचटपणे विचारत नाही हो, खरंच माहीत नसतं लोकांना. म्हणून म्हटलं एकदा हिशोब मांडूनच टाकावा, चुकत असेल तर जाणकारांनी सांगा.

सिंगल गोधडी धरू, पाच बाय सात फूट. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर साठ ओळी, प्रत्येक सात फुटाची, म्हणजे ४२० फूट नुसती शिवण. इंचाला तीन टाके धरा (बारीक हाताच्या बायका याहून जास्त घालतात), एका ओळीत अडीचशे टाके, पूर्ण गोधडीत पंधरा हजारांच्या वर. सुई एकदा खाली घातली की चारपाच टाके भरून मग ओढायची, दोरा संपला की ओवायचा, गाठ थरांच्या आत लपवायची. हात बसलेला असेल तरी एक ओळ वीस मिनिटं खाते. साठ ओळींचे झाले वीस तास. त्याच्या आधी साड्या धुणं, काठ उसवणं, विरलेला भाग कापून टाकणं, थर अंथरून चारी बाजूंनी ताणून कच्चे टाके घालणं, आणि शेवटी कडेला पट्टी, याचे सहाएक तास. एकूण सव्वीस. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वातीन दिवस.

आता रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर धरू, ३१२ रुपये रोज. माती उचलायला, ज्याला काही शिकावं लागत नाही असं धरून ठरवलेला दर. तो लावला तरी मजुरीच हजारावर जाते. वर अस्तराचं कापड. साडेतीन-चार फूट पन्ह्याचं असेल तर दोन पाट जोडावे लागतात, साडेचार मीटर लागतंच, साधं घेतलं तरी साडेचारशेच्या आसपास. दोरा शंभरएक रुपयांचा. झाले साडेपंधराशे. यात माझं कौशल्य शून्य धरलंय, नफा शून्य धरलाय, वीज-पाणी-साबण काही नाही. आणि ओळी अर्ध्या इंचावर हव्या असतील (लोक फोटो त्याच गोधड्यांचे पाठवतात!) तर एकशेवीस ओळी, चाळीस तास, अधिक ते सहा, नुसती मजुरी अठराशेला टेकते.

मी आत्तापर्यंत हजार-बाराशे घेत आलेय. म्हणजे माझ्या हाताला मातीकामाचाही रोज पडत नाही. तुम्ही लोक कसं ठरवता?

माणदेशी

ताई हिशोब बरोबर आहे, एक शब्द इकडचा तिकडं नाही. आमच्याकडं वाकळ म्हणतात. गावात अजून चारपाच जणी शिवून देतात. कापड गिऱ्हाइकाचं, दोरा गिऱ्हाइकाचा, आणि हातात पडतात पाचशे ते सातशे. खुरपायला गेलं तर तीनशे रोज मिळतो, मग वाकळ शिवायची कशाला? तर खुरपणी बाराही महिने नसते, आणि ज्यांना आता वाकवत नाही त्या म्हाताऱ्या बायका वाकळ घेऊन बसतात. म्हणजे जिला दुसरं काम मिळत नाही तिच्याकडनं आपण स्वस्तात शिवून घेतो, सरळ गोष्ट आहे. तुमच्यासारखीने बाराशे घेऊन परत "जास्त घेते का" असं वाटून घेऊ नये.

पिंपळपार

चर्चेचा धागा आवडला, पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. गिऱ्हाईक तास मोजत नाही, वस्तू मोजतं. बाजारात आठनऊशेला डबलबेडचं कंफर्टर मिळतं, हलकं, मशीनमध्ये धुता येतं. मशीनवर शिवलेली गोधडी सहासातशेला. मग माझ्यासारख्या पगारदाराने दोन हजाराची सिंगल गोधडी का घ्यावी? आवड म्हणून एखादी घेईन, चार खोल्यांसाठी नाही घेणार. खर्च जास्त येतो म्हणून किंमत जास्त, हे कारण गिऱ्हाइकाला पुरत नाही. तुमची वस्तू किती टिकते, काय वेगळं देते, ते सांगायला हवं.

सुतीसाडी

पिंपळपार, राग कसला, बरोबर प्रश्न आहे. टिकण्याचं सांगते. कंफर्टरच्या आत पॉलिएस्टरची रुई असते, स्वस्तातल्यात धुण्याधुण्याने तिचे गोळे होतात, कोपऱ्यात जमा होते आणि मधे नुसतं कापड राहतं. गोधडीत रुई नाहीच, थरावर थर कापड आहे आणि इंचाइंचाला दोरा, सरकायला जागाच नाही. वरचं लुगडं विरलं की त्याच्यावर नवीन टाकून परत दोरे घालायचे, आतली गोधडी तशीच. पंधरा-वीस वर्षं वापरातल्या गोधड्या मी स्वतः दुरुस्त केल्यात. दुसरं म्हणजे सुती थर घाम पितात. आपल्याकडे कडाक्याची थंडी जेमतेम दोन महिने, बाकी वर्षभर पहाटे अंगावर घ्यायला काहीतरी हवं असतं पण उकडायला नको. त्याला गोधडीच. उन्हाळ्यात तीच खाली अंथरा.

चकोरी

मी गेली कित्येक वर्षं शिवते पण एक पैसा घेतलेला नाही आणि घेणार नाही. विकायला घेतली की ती दुलई झाली असं माझं मत, कुणाला पटो न पटो. माझ्याकडून गोधडी मिळते ती बाळंतविड्यात. तीन बाय तीनची, लंगोट-टोपरी-कुंचीच्या बरोबर. आईच्या आणि आजीच्या दोघींच्या मऊ पातळाची, मधे आजीचं, बाहेर आईचं, म्हणजे बाळ दोघींच्या कुशीत. ती शिवताना मी त्या घराबद्दलच विचार करत असते, कुठला टाका वाकडा गेला तर उसवते, घाई नाही, कारण पैसे नाहीत. पैसे आले की तारीख येते, तारीख आली की हात पळायला लागतो.

पण एक सांगते, हल्ली भेट देतानाही मन खट्टू होतं. एका बारशाला दिलेली गोधडी नंतर त्या घरी कुत्र्याच्या टोपलीत अंथरलेली दिसली. कुत्र्याबद्दल काही नाही, मुका जीव आहे. पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही हाताची आहे, किती रात्री त्यात गेल्यात. तेव्हापासून मी सोबत चिठ्ठी ठेवते, कुणाच्या साडीची आहे, कशी धुवायची, आणि "रोज वापरा, कपाटात ठेवू नका".

कृष्णाकाठ

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठी असेन म्हणून जरा लांबण लावते.

हल्ली सगळे म्हणतात आमच्या आज्या फुकट गोधड्या शिवायच्या, प्रेमाने शिवायच्या. प्रेम होतंच, पण फुकट हा शब्द मला खुपतो. आमच्याकडे वाकळ टाकायची ती उन्हाळ्यात, सुगी आवरल्यावर, पावसाच्या आत. सोप्यात नाहीतर लिंबाखाली सतरंजी टाकून त्यावर लुगडी अंथरायची आणि शेजारच्या चार बायका आपापली सुई घेऊन यायच्या. चारी कडेने चार जणी बसल्या की मधल्याकडे सरकत जायचं. एकटीला आठ दिवस लागतील ती वाकळ दोन-तीन दुपारीत उठायची. आणि त्या चौघी काही उगाच येत नव्हत्या. आज माझ्या वाकळेला तू आलीस, उद्या तुझ्या वाकळेला मी. शेतात जशी सावड असते ना, बैल तुझा बैल माझा, तशीच ही बायकांची सावड. कोण कोणाकडे किती दुपारी बसलं हे कुठे लिहिलेलं नसायचं पण प्रत्येकीच्या डोक्यात पक्कं असायचं. जी दुसरीकडे जात नसे तिच्या वाकळेला कुणी फिरकत नसे. आणि ज्या घरात माणूस आजारी, बाळंतीण, तिथे न बोलवता जायच्या, ते वेगळं.

म्हणजे त्या गोधडीची किंमत होती आणि ती चुकती होत होती, कामाच्या बदल्यात काम. आता तुम्ही शहरात फ्लॅटमध्ये एकटी बसून सव्वीस तास शिवता आणि ती गोधडी नेणारी बाई तुमच्या कुठल्याच कामाला येणार नसते. सावड तुटली. मग तिच्या जागी पैसे नकोत तर काय? सुतीसाडी, तू पैसे मागतेस त्यात गोधडीचा अपमान नाही ग. चकोरी, तू देतेस ते दान आहे आणि ते मोठंच आहे, पण जिला चूल पेटवायची आहे तिच्या गोधडीला दुलई म्हणू नकोस.

चकोरी

कृष्णाकाठ, मान्य. दुलईचं वाक्य मागे घेते. सावडीच्या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं.

अबोली

मी थोडी मधली आहे. नोकरीतून निवृत्त झालेय, पेन्शन आहे, वेळ आहे. गोधड्या शिवते आणि आठशेला देते, कापड-दोऱ्याचे पैसे सुटले की झालं. मला त्यातून कमवायचं नाहीये, हाताला चाळा आणि लोकांच्या घरात आपली वस्तू जाते याचा आनंद. यात काही गैर आहे का? कारण वरचं वाचून मला उगाच अपराधी वाटायला लागलंय.

माणदेशी

अबोलीताई, गैर काही नाही, तुमचा हात, तुमचा वेळ. पण काय होतं ते सांगतो. माझी चुलती वाकळा शिवते. मागच्या हिवाळ्यात मी तिच्या दोन वाकळा घेऊन पुण्यात एका ओळखीच्यांकडं गेलो, एकीचे सोळाशे सांगितले. त्या म्हणाल्या आमच्या सोसायटीतल्या एक मॅडम याच्यापेक्षा नीटस आठशेत देतात. आता त्या मॅडमचं घर पेन्शनवर चाललंय, चुलतीचं औषध वाकळेवर चाललंय, पण गिऱ्हाइकाला दोन्ही वाकळा सारख्याच दिसतात. त्याच्या डोक्यात भाव बसला आठशे. तिथून पुढं चुलतीनं सोळाशे सांगितले की ती लुटारू.

तुम्हाला पैसे नको असतील तर घेऊ नका. पण मग फुकट द्या, भेट म्हणून द्या. भेटीचा बाजारभाव होत नाही. आठशेला दिलेल्याचा होतो. नाहीतर पूर्ण दर घ्या आणि वरचे पैसे जिथं द्यायचे तिथं द्या. एवढंच म्हणणं. तुम्ही वाईट आहात असं चुकूनही नाही.

अबोली

रागावले नाही, उलट बरं झालं स्पष्ट बोललात. मी फक्त माझ्या घरापुरता विचार करत होते. दोन ऑर्डरी घेतल्यात त्या शब्द दिलाय त्या दरानेच पुऱ्या करीन, त्यानंतर दर बदलते.

निळी इरकल

बेळगावहून. आमच्याकडे कानडीत कौदी म्हणतात. इथून खाली यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून कित्येक पिढ्यांपूर्वी आलेले, बोलतात ती भाषा कोकणी-मराठीच्या जवळची. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, बघण्यासारखी गोष्ट आहे. त्या सरळ ओळी मारत नाहीत, एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने शिवत गोल गोल आत येतात आणि मधोमध संपवतात. आणि चारी कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची तिकोनी फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात. कोपऱ्यात फुला नसेल तर कवंदी उघडीवाघडी असं मानतात. विचार करा, उबेला त्या फुलाचा काही उपयोग नाही, कापड जास्त जातं, वेळ जास्त जातो, आणि घरात रोज अंगावर घ्यायच्या पांघरुणाला लावतात. कुणी विकत घेईल म्हणून नाही. पिंपळपार म्हणाले ना काय वेगळं देता, तर हे. शिवणाऱ्या बाईला स्वतःला ती अपुरी वाटते म्हणून ती पुरी करते. मशीन ते करणार नाही.

पिंपळपार

फुलाचं वाचून छान वाटलं. आणि माणदेशींचा भेटीच्या बाजारभावाचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. माझी शंका मात्र तशीच आहे, महाग झाली तर ती फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाईल का?

अटलांटाकर

पिंपळपार, तुमच्या शंकेवरून लिहावंसं वाटलं. मी राहते तिथून शेजारच्या राज्यात, अलाबामात, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचे पूर्वज मळ्यावरचे गुलाम. त्यांच्या गोधड्या आपल्यासारख्याच, गरजेतून आलेल्या. शेतात घालून विरलेल्या जीनच्या पँटी, फाटके शर्ट, पोती. पँटच्या गुडघ्यावरचा विटलेला भाग तसाच दिसतो गोधडीत.

१९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी मिळून फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. तो नागरी हक्कांच्या चळवळीचा काळ, मतदार यादीत नाव घातलं म्हणून लोकांना जमिनीवरून हाकलत होते, त्यात हातात चार पैसे यावेत म्हणून. मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी मिळाल्या, उत्पन्न सुरू झालं, पण दुकानांना सगळ्या गोधड्या एकाच मापाच्या, एकाच नमुन्याच्या हव्या होत्या. बाईच्या डोक्यातलं जे होतं ते बाजूला. पुढे २००२ मध्ये त्यांच्या जुन्या गोधड्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं, जगभर नाव झालं, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. आणि लगेच २००७ मध्ये काही बायकांना कोर्टात जावं लागलं, की आमच्या गोधड्यांवर, नमुन्यांवर पैसे झाले त्यातले आम्हाला नीट मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

म्हणजे भिंतीवर गेली यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा, जेव्हा भिंतीवरच्या गोधडीचा भाव वाढतो आणि शिवणारीचा हात त्यातून बाहेर राहतो. आपल्याकडेही हल्ली शहरातल्या दुकानांत गोधडी चारपाच हजाराला दिसते. शिवणाऱ्या बाईला किती दिले असं विचारलं की उत्तर येत नाही. मी आता विचारल्याशिवाय घेत नाही.

टाचणी

खूप शिकायला मिळतंय. माझा साधा प्रश्न, माझ्याकडे सासूबाईंच्या साड्या आहेत, त्यात बऱ्याच सिंथेटिक आणि दोन रेशमी जरीच्या. त्यांची होते का गोधडी? आणि किती साड्या लागतात?

सुतीसाडी

टाचणी, सिंथेटिक शक्यतो नको. घसरते, थर एकमेकांवर बसत नाहीत, कच्चे टाके घातले तरी मधे झोळ येतो, आणि अंगाला चिकचिक. फारच मनात असेल तर वरच्या बाजूला ठिगळांमध्ये थोडी वापरता येते, आत सुतीच. जरीची आणखी अवघड, जर सुईला अडते, दोरा चिरते, आणि उघडी राहिली तर अंगाला टोचते. काठ काढून मधलं रेशीम वापरायचं, काठाची वेगळी काहीतरी वस्तू करा.

सहावारीत सिंगलचे जेमतेम दोन थर निघतात, तेही जोड देऊन. नऊवारीत तीन. पाच थरांची हवी तर सहावारी तीन तरी द्या, विरलेला भाग कापून जातो हे धरून. आणि इथेच अजून एक, "साड्या आमच्याच" म्हणतात ना, त्या साड्यांनाही किंमत आहे. बोहारीण दारात आली की तीन-चार साड्यांवर एक पातेलं देते ना? हल्ली धड सुती जुनी साडी मिळणंच मुश्कील झालंय, कारण दोन पिढ्यांनी सुती नेसलेलीच नाही. माझ्या ऑर्डरीपैकी बऱ्याच जणी हात हलवत येतात, मग साड्या मलाच शोधाव्या लागतात, त्याचेही पैसे आणि हेलपाटे.

टाचणी

सासूबाईंच्या दोन सुती नऊवारी पण आहेत, एक तर मधे दांड भरलेलं आहे, ते फाटकं म्हणून मी बाजूलाच ठेवलं होतं.

सुतीसाडी

अगं ते दांडाचं लुगडं टाकू नकोस! मुद्दाम सांगते. मागे एकांनी आईची लुगडी आणून दिली, त्यात एक असंच होतं. मधे विरलं म्हणून आईंनी आडवं फाडून, विरलेला पट्टा काढून, दोन्ही तुकडे परत जोडले होते. हाताची शिवण, बारीक, दोरा लुगड्याच्या रंगाला जुळवून घेतलेला, उजेडात धरल्याशिवाय कळणार नाही इतकी. आधी मी ते आतल्या थरात टाकणार होते. मग त्या म्हणाल्या आईच्या हातचं शिवलेलं आता घरात एवढंच आहे. मग ती शिवण वर घेतली, बरोबर मधोमध. काम वाढलं, कारण तिथे दुमड असल्याने कापड दुप्पट जाड, सुई शिरेना, अंगुस्तान घालून एकेक टाका रेटावा लागला, चारपाच टाके एकदम भरणं तिथे जमतच नाही. पण माझ्या ओळी त्या शिवणीला समांतर नेल्या, म्हणजे आईंची ओळ सगळ्यांमधली एक झाली. पैसे किती लावायचे यावर मी अडले होते, त्यांनीच आपणहून तीनशे जास्त दिले आणि म्हणाल्या हे त्या शिवणीचे.

वलणीवरचं

इतक्या प्रतिसादात अंगाचा खर्च कुणी मांडला नाही म्हणून. आईने आयुष्यभर शिवल्या. मांडी घालून, मान खाली, तासन्‌तास. आता मान वळत नाही, डाव्या हाताचं पहिलं बोट (खालून सुई चाचपायचं ते) बधिर झालंय, मोतीबिंदू झाला तरी शिवायची, दोरा ओवायला नातवाला हाक. शिवणाऱ्यांनी तासाला उठा, पाय मोकळे करा, दिवसाउजेडी शिवा, काळ्या कापडावर काळा दोरा रात्री नको. आणि दर लावताना आठ तास सलग धरू नका, हे काम दिवसाला पाच तासांच्या वर शरीराला झेपत नाही. म्हणजे सुतीसाडींचे सव्वातीन दिवस खरे तर पाच दिवसांच्या वर जातात.

माणदेशी

वलणीवरचं, हे फार महत्त्वाचं बोललात. पाच दिवस धरले तर नुसती मजुरी दीड हजाराच्या वर गेली की. चुलतीला दाखवतो हा धागा.

कृष्णाकाठ

आणि धुण्याचं कुणी बोललं नाही. नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर न्यायच्या, ओली वाकळ दोघींना उचलत नाही. आता फ्लॅटमध्ये ती वाळवणार कुठे, म्हणून लोक घेत नाहीत. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, तीन-चार थरांची करून घ्या, मशीनमध्ये एकटीच टाका, थंड पाणी, कडक ऊन. पाच-सहा थरांची हट्टाने नको.

सुतीसाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवलंय. बिलावर तीन वेगळ्या ओळी लिहिणार, कापड, दोरा, हातमजुरी. आत्तापर्यंत एकच आकडा सांगत होते म्हणून "कसले पैसे" हा प्रश्न यायचा. मजुरी पाच दिवसांच्या रोजाने, एक इंची ओळीसाठी, म्हणजे १५६०. अर्ध्या इंचाची हवी तर त्याच हिशोबाने वाढेल, मशीनची हवी तर मी दुसरीकडे पाठवीन, दर कमी करून हाताची देणार नाही. बाळंतविड्याची तीन बाय तीन मात्र नात्यात आणि शेजारात फुकटच, चकोरीसारखी, चिठ्ठीसकट. आणि माणदेशी, तुमच्या चुलतींना जास्तीची कामं घ्यायची असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे दिवाळीपर्यंतच्या ऑर्डरी माझ्या एकटीने होणार नाहीत. मजुरीची ओळ पूर्ण त्यांची, मी मधे काही ठेवणार नाही.

माणदेशी

व्यनि केलाय. ती म्हणते दोरा तिच्या पसंतीचा पाहिजे, शहरातला गुळगुळीत दोरा गाठ धरत नाही.

टाचणी

सुतीसाडी, माझी धरा. दोन नऊवारी, दांडाचं लुगडं वर, चार थर, एक इंच, सिंगल. थंडीच्या आत नाही झाली तरी चालेल. साड्या धुऊन आणू की तशाच?

सुतीसाडी

धुऊन आण, पण स्टार्च नको आणि इस्त्री नको. आणि दांडाच्या शिवणीवर ब्रश घासू नकोस.